करवतीची पलीकडची बाजू

नमस्कार मंडळी. या ग्रुपवरचे अनुभव मी हॉस्टेलच्या मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही पोरी पोट धरून हसायचो. भूत, भास, संकेत... मला यातलं काहीच पटत नाही. अजूनही पटत नाही म्हणा! पण माझ्यासोबत जे घडलं त्याची साडी झालीय, घडी करून ठेवलीय, हात लावून बघता येते. आता तिला खोटं कसं म्हणू?

मी टेक्सटाईल डिझाईन शिकत होते, शेवटचं सेमिस्टर. गाव आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. घरी हातमाग. फायनल प्रोजेक्टसाठी मी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी घेतली होती — रंग आणि पदर माझा, काठ मात्र आमचा जुनाच, करवतीसारखे दात असलेला. ही साडी एकट्याने विणताच येत नाही. आडवा धागा नेणारे दोन्ही काठांचे धोटे वेगळे, मधला वेगळा, आणि दर ओळीला काठाचा धागा मधल्या धाग्यात हाताने अडकवायचा. म्हणून मागावर दोघं लागतात. एक अलीकडे, एक पलीकडे.

बाबांचा हात प्लास्टरमध्ये होता, गाडीवरून पडले होते. म्हणून माझ्या पलीकडे बसायची मोठीआई — बाबांच्या मोठ्या भावाची बायको. एरवी तिचं तोंड अख्ख्या गल्लीत ऐकू येतं, पण मागावर बसली की गालात लवंग धरते आणि कशालाही फक्त "हं" म्हणते. आणि तिचा नियम — काठ विणताना मान वर करायची नाही. मान वर केली की दात चुकतो.

जुरीच्या, म्हणजे कॉलेजमधल्या शेवटच्या परीक्षणाच्या, आदल्या दिवशी पदराजवळचा भाग बाकी होता आणि नेमकं त्याच दिवशी आसगावला मोठीआईच्या भाचीचं साक्षगंध, साखरपुडा! आसगाव पार पवनीकडे, सकाळी गेलेला माणूस संध्याकाळीच परत. मी जी चिडले...

"जा ना मंग, लाडू खा! माह्या वर्षाचं वाटोळं झालं तरी चालते तुले."

"अवो माय, असं काहून बोलून राहिली? सख्खी भाची आहे ते माही. रात्री बसू ना आपण."

"रात्री डोळ्यानं दिसते का तुले?"

ती हिरवं लुगडं नेसून, तोंड एवढंसं करून गाडीत बसली. आई आणि मोठीआईचे यजमान, मोठेबाबाही गेले. मी मागावर जाऊन नुसतीच बसले. साडी अर्धवट नेली तर सेमिस्टर गेलं, हे कॉलेजच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रडू यायला लागलं, म्हणून मान खाली घालून माझ्या बाजूचा काठ साफ करत राहिले.

आणि पलीकडून धोटा आला.

डोळ्याच्या कोपऱ्यात हिरवं लुगडं. बांगड्यांचा आवाज. लवंगेचा वास. मी म्हटलं, "आलीस परत? गाडी बिघडली का?" — "हं." मला इतका आनंद झाला की विचारू नका! मान वर न करता मी तशीच सुरू झाले. मंडळी, तसं मी कधी विणलं नाही आणि पुढे विणेन की नाही माहीत नाही. एक धागा तुटला नाही. मध्ये बाबा एका हाताने चहा घेऊन आले आणि दारात ठेवून गेले. दोन कप. सकाळच्या बोलण्याची लाज वाटत होती, म्हणून मी तिला मनातलं सगळं सांगून टाकलं. बंगलोरच्या कंपनीची ऑफर आलीय, बाबा गावभर पेढे वाटायला निघालेत, पण मोठीआई... मला नाही जायचं गं. मला इथंच, या मागावर काम करायचंय. बाबांना कोण सांगणार?

"हं."

ऊन उतरायच्या आत पदर पूर्ण झाला. मी शेवटचा धागा ठोकला, पाठ टेकायला आडवी पडले ती झोपूनच गेले.

जाग आली ती गाडीच्या हॉर्नने. दारात मोठीआई, हातात बुंदीचा डबा. "ऊठ वो बाई, हातपाय धुते अन् बसतोच आपण." आणि तिची नजर मागावर गेली.

"हे कोनं केलं?"

"तूच ना! थट्टा करून राहिली का?"

आई म्हणाली, ही तर सकाळपासून आमच्यासोबत होती. मोठीआईने काठावरून बोट फिरवलं. पलीकडचा प्रत्येक दात टोकाशी किंचित आत ओढलेला होता... तिची सवय, मी कितीदा त्यावरून तिला टोकलंय. ती हळूच म्हणाली, "हात तं माहाच होय हा."

आईने मोबाईल काढला. साक्षगंधाच्या फोटोंत मोठीआई नवरीशेजारी बसलेली. नवरी स्पष्ट, हार स्पष्ट, मोठीआईचा चेहरा स्पष्ट. मांडीवरचे हात मात्र प्रत्येक फोटोत हललेले, पुसट! "बाया हासत होत्या मले," ती म्हणाली, "काय वो, हात काहून हालवून राहिली म्हणे. मले तं समजलंच नाही बापा." दारातले दोन्ही कप रिकामे होते. बाबा म्हणाले, मी आत डोकावलोच नाही, दोन्हीकडचा आवाज ऐकला अन् दोन कप आणले.

जुरी मस्त झाली! प्रदर्शनाच्या पाटीवर विणणाऱ्यांची नावं लिहायची होती, मी दोघींची लिहिली. सगळं घर गाडी करून आलं. बाबा भेटेल त्या मास्तरला धरून सांगत होते, "पोरगी बंगलोरले चालली!" मी दुसरीकडेच बघत होते.

मोठीआई साडीपाशी उभी होती, तेवढ्यात ती वळली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुठी चालली भाऊजी? ते इथंच मागावर बसनार हाये. तुमाले सांगाले भेते पोरगी. त्या दिवशी मागावरच सांगतलन ना मले."

मागावरची ती दुपार सोडली, तर मी हे आजवर एका माणसालाही बोलले नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, मग प्लास्टरच्या हाताने डोळे पुसले.

"मंग ठीक हाये. चाय तं मी दोन कप आनतच होतो."

आम्ही सगळेच रडलोही आणि हसलोही, त्या हॉलमध्ये, एवढ्या लोकांसमोर.

मला सरांनी समजावलं, ताण होता, एकटीनेच दोन्हीकडचं विणलं असशील. असेल. मग मोठीआईला माझं बोलणं कसं कळलं? हे लिहीत असताना ती मागावर पलीकडे येऊन बसलीय, माझी वाट बघतेय. मी मोबाईलमधून मान वर न करता विचारलं, "मोठीआई, तूच आहेस ना गं?"

"हं."