सासऱ्यांचं काळं ताट

माझ्या सासऱ्यांइतकं बारकाईनं जग पाहिलेला माणूस अख्ख्या डोंबिवलीत सापडायचा नाही, आणि त्यांना दिसतं ते मात्र नळीतून डोकावल्यावर दिसेल तेवढंच. डोळ्याचा पडदा कडेकडेनं निकामी होत जाणारा आजार त्यांना आईकडून वारशानं आला. आधी तिन्हीसांजेचं दिसेनासं झालं, मग बाजूचं. आता मधला एक तुकडा उरलाय. त्या तुकड्यावर हा माणूस असा ऐटीत संसार करतो, की आपल्याला धडधाकट डोळे कशाला मिळाले असं वाटावं.

समोरच्याचा चेहरा त्यांच्या नजरेत एकदम मावत नाही, म्हणून ते तो हप्त्याहप्त्यानं बघतात: कपाळ, मग भुवया, मग नाक. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा खरं म्हणजे बघितला गेलो मीच. बराच वेळ निरखून त्यांनी निकाल दिला, "दाढी नीट केलेली नाही, पण माणूस बरा वाटतो." त्यांच्या घरात दार एक तर सताड उघडं, नाहीतर बंद, अर्धवट दार म्हणजे कपाळाला टेंगूळ. दिवाळसणाला मला अंगठीच्या आधी हा नियम मिळाला. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना त्यांनी स्वतः पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात. नातेवाईक गाजरं आणतात, कुठकुठले थेंब आणतात. थेंब ते हात जोडून परत करतात आणि गाजरांचा हलवा करायला लावतात. "डोळे नाही सुधारले, वजन सुधारलं," म्हणतात. वर्षाची तपासणी मात्र कधी चुकवत नाहीत.

आणि ते काळं ताट! स्टीलच्या ताटात पांढरा भात त्यांना सापडत नाही, म्हणून काळं ताट पिशवीत घालून ते लग्नालाही नेतात. कल्याणच्या एका लग्नात शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "शनीचं आहे का हो?"

"हो ना. साडेसाती जन्मभराची आहे," सासरे अगदी गंभीरपणे म्हणाले. पुढच्या लग्नात त्या बाईंचे यजमान काळ्या ताटात जेवताना दिसले.

माझ्या बायकोच्या डोळ्यांना काही झालं नाही, त्यामुळे हा विषय सासऱ्यांवरच संपला असं आम्ही धरून चाललो होतो. एका संध्याकाळी कोपरीच्या आमच्या घरून त्यांच्याकडे गेलो होतो. माझा चौदा वर्षांचा मुलगा जिना उतरत होता आणि सासरे दारात बसले होते.

"जावईबापू, याचे डोळे तपासून घ्या."

"अहो बाबा, चपला नवीन आहेत, म्हणून पाय अडखळतोय."

"चपला नवीन असतील. ते चाचपडणं माझं आहे."

ठाण्याला डॉक्टरांकडे ते हट्टानं बरोबर आले. यंत्रात डोकं टेकवायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी. सासरे दाराशी उभे राहून बटणाचा आवाज ऐकत होते. आवाज यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही. डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच ते बाकावर येऊन बसले. आजार आजोबांकडून आईमार्फत आलाय, आईला तो जाणवलाही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. हमखास औषध आज तरी नाही. जनुकांची तपासणी करून ठेवायची, दरवर्षी येत राहायचं.

घरी आल्यावर सासरे माझ्या बायकोला म्हणाले, "माझ्याकडून आलं गं हे तुझ्या घरात."

"बाबा, तुमच्याकडून एवढंच आलंय का?" ती म्हणाली, आणि मग दोघंही रडली.

परवाच्या लग्नात पंगतीला दोन काळी ताटं शेजारी शेजारी होती. नातवानं आपलं ताट स्वतःच पिशवीतून काढलं. कुणीतरी शनीबद्दल विचारलंच. "आमच्या घराण्यातच आहे," पोरगा म्हणाला. जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी त्याला खिडकीच्या उजेडात बसवलं. कपाळ, भुवया, नाक. एरवी फोटोपुरताही स्थिर न राहणारा पोरगा जराही हलला नाही.

"मिसरूड फुटलंय की रे तुला," ते म्हणाले.

"आजोबा, आता तुम्ही हलू नका," मुलगा म्हणाला, आणि त्यांच्या कपाळावरच्या जुन्या टेंगळापासून त्यानं सुरुवात केली.