जोगचा धबधबा आणि आत्याचं डाएट

हा किस्सा मी आपणहून सांगतेय, कारण मी नाही सांगितला तर आत्या सांगेल, आणि आत्या सांगायला लागली की त्यात मीठमसाला पडतो. माझी फजिती आधीच इतकी चमचमीत आहे की तिला वरून काही लागत नाही!

आधी आत्या कोण ते सांगते. माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूत आली ती इथलीच झाली. तिच्या मराठीत निम्मं ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि निम्मं ‘सरी’, म्हणजे बरं. मला नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच राहते, मल्लेश्वरमला. मी लॅपटॉपवर अख्खी टीम चालवते, तरी ती मला ‘पुट्टी’ म्हणते. पुट्टी म्हणजे छोटुशी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आत्याची एकच हौस राहिली होती. जोगचा धबधबा बघायचा. काका असताना दोघं एकदा गेले होते, पण समोर नुसतं धुकं. “दिवसभर उभे राहिलो गं,” ती सांगते. “आवाज ऐकला आणि परत आलो. हे म्हणाले, पुन्हा आणतो.” पुन्हा आणायला काका राहिले नाहीत.

मग मी ठरवलं, दाखवायचा तर असा दाखवायचा की धुक्याची टाप नाही मध्ये यायची. हेलिकॉप्टरमधून!

आता आमच्या घरात एखादी गोष्ट निवडायची म्हणजे काय, ते तुम्हाला काय सांगू? दिवाळीला आई-बाबा पुण्याहून यायचे होते, म्हणून त्यांना फोनवर घेतलं. तीच चूक झाली.

“नंदी टेकडीवरून एक फेरी आहे,” मी म्हटलं, “पण आपण जोगचीच घेऊ. पाऊस संपलेला असेल, पाणीही असेल.”

“पंखा एकच असतो का गं त्याला?” बाबा.

“बाबा, वर एक, शेपटीला एक.”

“म्हणजे वरचा बंद पडला तर शेपटीवर येता येतं?”

“आणि आत बाथरूम असतं का?” मागून आई.

“आई, दहा मिनिटांची फेरी आहे!”

“दहा मिनिटंच? मग खाली उभं राहूनच बघू की.”

सांगा, माणसाने डोकं कुठे आपटायचं? मी सरळ फोन ठेवला आणि चौघांचं बुकिंग करायला घेतलं. या लोकांना विचारत बसलं तर धबधबा आटेल!

बुकिंगच्या फोनवरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, सगळ्यांची वजनं सांगा. लहान हेलिकॉप्टर आहे, चौघांची बेरीज मर्यादेत लागते.”

आई-बाबांची वजनं मला पाठ होती, दोघांचेही वैद्यकीय रिपोर्ट माझ्याच फोनवर येतात. माझं मी ताडकन सांगितलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जिमच्या कार्डावर होतं, तेच. माणूस काय रोज बदलतो का?

राहिली आत्या.

“बाईला वजन विचारू नये,” ती म्हणाली आणि कुकर लावायला निघून गेली.

मी तिला मागून नीट न्याहाळलं. इरकली साडी, वर स्वेटर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अंदाजाने एक भलाथोरला आकडा ठोकून दिला. बेरीज जेमतेम बसली. म्हणजे आत्या जराशी जरी वाढली, तरी सगळं बोंबललं!

आणि मी काय केलं असेल? आत्याला डाएटवर घातलं.

रोज सकाळी तिला सँकी तलावाला फेऱ्या मारायला पाठवायचे. एकटी कशी जाणार, म्हणून मी सोबत. मी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या छोट्या उपाहारगृहात, बसून लक्ष ठेवायचे. नुसतं बसलं तर ते लोक टेबल अडवू देत नाहीत, म्हणून एक लोणी थापलेला बेण्णे डोसा. तिने फेरी वाढवली की वर केसरीबात, तुपाने निथळणारा शिरा.

आणि घरात? आत्याच्या हाताला चौघांच्या स्वयंपाकाचाच अंदाज. काका होते, मुलं होती, तेव्हापासूनचा. त्यातलं तिच्या पानात मी अर्धी भाकरी आणि काकडी वाढायचे.

“पुट्टी, एक होळिगे तरी घेऊ दे गं. स्वल्प तूप घालून.”

“आत्या, जोग बघायचाय ना?”

“सरी, सरी.” बिचारी पान सारायची. मग म्हणायची, “पण अन्न टाकू नये हं. तू घे.”

आता अन्न टाकायचं नाही हे तर आपल्याला रांगायच्या आधी शिकवलेलं! तिच्या वाटणीची होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळीच, मी संपवायचे. बिशीबेळे भाताचं पातेलंही मीच पुसायचे. त्यागच होता तो, दुसरं काय! जीन्स घट्ट व्हायला लागल्या तेव्हा मी वॉशिंग मशीनच्या कंपनीला तक्रारीचा मेल केला.

दिवाळी झाली, आम्ही जोगला पोचलो. आकाश निळंशार, धुक्याचा पत्ता नाही! मैदानात लाल हेलिकॉप्टर उभं. आत्याने माझा हात घट्ट धरला होता. आणि मध्ये ठेवला होता वजनकाटा.

बाबा चढले, आई चढली. वजनं घेणाऱ्या माणसाने मान डोलावली. मग आत्या. मग मी. त्याने बेरीज केली, पुन्हा केली, आणि म्हणाला, “मॅडम, ज्यादा हो रहा है. एक जन को रुकना पडेगा.”

मी आत्याकडे वळले. “स्वेटर काढ! किल्ल्या दे! चकलीचा डबा कशाला आणलास? आण इकडे! रात्री चोरून काही खाल्लंस ना?”

आत्याने स्वेटर काढला. किल्ल्या दिल्या, डबा दिला, आणि म्हणाली, “तुम्ही जा रे. मी राहते खाली. आवाज तर ऐकू येतोच.”

मी त्या माणसाला गाठलं. “अण्णा, स्वल्प अड्जस्ट माडी ना!” थोडं जमवून घ्या ना! अख्खं बेंगळुरू या एका वाक्यावर चालतं.

तो शांतपणे नकाराची मान हलवत म्हणाला, “हेलिकॉप्टर अड्जस्ट आगल्ला, मॅडम.”

“पण त्यांचं वय बघा! थोडं वजन असणारच!”

“अम्मा का तो बहुत कम है,” तो म्हणाला. “फोन पे जो बताया, उससे भी कम. सिर्फ आपका मॅच नहीं हो रहा.”

बाबा आकाशाकडे बघायला लागले. आई खोकली. ज्या बाबांनी दोन पंख्यांवरून मला छळलं होतं, त्यांना पहिल्यांदाच एकही प्रश्न पडला नाही.

मी काट्यावर परत चढले. बूट काढून चढले, श्वास रोखून चढले. काटा काही माझा नातेवाईक नव्हता.

हेलिकॉप्टर उडालं. फेरी मी निवडली, बुकिंग मी केलं, माणसं मी गोळा केली, आणि मी खाली उभी, एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात चकलीचा डबा. वारा असा की केस तोंडात. मी वेड्यासारखी हात हलवत होते. डोळ्यांत पाणीही आलं असेल, धुळीने. चकल्या संपल्या. टाकायच्या थोड्याच होत्या?

खाली उतरल्यावर आत्या सरळ माझ्याकडे चालत आली. चेहरा असा उजळलेला की मी सगळं विसरले.

“दिसला गं पुट्टी! राजाची धार दिसली, राणीची दिसली, चारी धारा दिसल्या! ह्यांना म्हटलं, बघा, आले मी.” तिने माझे गाल धरले. “आणि तूसुद्धा दिसलीस!”

“मी? एवढ्या वरून?” मला भरून आलं. “इतक्या उंचावरून तर माणसं मुंगीएवढी दिसत असतील ना गं?”

“हो,” आत्या म्हणाली, “बाकीची सगळी तशीच दिसत होती.”