खांबाचं माप

"तू खांबाचं माप घे," मास्तर म्हणाले. सगळ्यांसमोर.

पांढरकवड्यात एका संस्थेनं मोठ्या माणसांसाठी शिवणवर्ग काढला होता. फी नाही. दिवसभर राबणाऱ्याले संध्याकाळी शिकता येत होतं. पास झालं की संस्थेकडून मशीन. मी अन् माही बायको, दोघंही जिनिंगमध्ये कामाले. कापसाच्या फुफाट्यानं तिले खोकला लागलता. मशीन आली तर तिले तिथून काढता येईल, एवढंच माह्या डोक्यात.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालतो. वाटलं, आता मागचं सुटलं. वर्गात नाव घेतलं, कात्री दिली, टेप दिला. बसायले जागाही दिली. कोपऱ्यात, पण दिली. मग मापाचा धडा आला. जोडीजोडीनं एकमेकाच्या अंगाचं माप घ्यायचं. माह्या जोडीले कोणी उठे ना. तेव्हा मास्तरनं ओसरीतला सागाचा खांब दाखवला.

घेतलं. खांबाच्या छातीले टेप गुंडाळला. मागून एक जण बोलला, "काय बे, कॉलरही लावजो त्याले!" सगळे हसले. मीही हसलो. काय करता?

मग रोज खांबच. मास्तर शिकवत, टेप आवळू नका, आत दोन बोटं ठेवा, माणसाले श्वास घ्यायचा असते. खांबाले कायचा श्वास?

घरी बायको म्हणे, "तोंड पाडून कायले बसले? माह्यं माप घ्या. मी काही खांब नाही." हात पसरून उभी राहे. टेप लावला की खोके. "दोन बोटं कायची, चार ठेवा," म्हणे. अन् स्वतःच हसे. तिच्या अंगावर मी माप शिकलो.

वर्ग संपायले आला तसे संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आले. माह्याकडे बोट करून पाहुण्यांना म्हणाले, "पाहा, यांनाही आम्ही सोबत घेतलं. आमच्याकडे भेदभाव नाही." मग मले म्हणाले, "दाखव रे, माप घेऊन दाखव."

मी टेप घेतला अन् सरळ त्यांच्यासमोर उभा राह्यलो. हात उचलला. ते झटकन मागं सरले.

"अरे, अरे! खांब आहे ना तिकडे."

ह्या वेळी कोणीच हसलं नाही. ते जास्त लागलं.

मी टेप खांबाले बांधला. कचकून गाठ मारली. म्हटलं, "साहेब, हा पास झाला. मशीन यालेच द्या." अन् निघालो.

मशीन भेटली नाही. घरी सांगतलं तर बायको म्हणे, "बरं केलं." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जिनिंगमध्ये. जलमभर तिथंच.

मागच्या थंडीत ती गेली. श्वास पुरत नव्हता. मी उशाशी बसून. कपडा आवळला असता तर उसवून दिला असता. छाती कशी उसवता?

परवा त्याच संस्थेची पोरं घरी आली. "बाबा, जुने विद्यार्थी म्हणून कार्यक्रमात दोन शब्द बोला, शाल देतो." म्हटलं, येतो. शाल नको. तुमच्या आताच्या अध्यक्षानं स्टेजवर माह्यासमोर उभं राहावं, हात पसरून. मी छातीचं माप घेईन. आत माही दोन बोटं. तोवर मी तोंड उघडणार नाही. अन् खालीही उतरणार नाही.