अडलेलं गाऱ्हाणं

मी देवाशी कधी मोठ्याने बोललो नव्हतो. लहानपणापासून माझी जीभ अडते. त्यातही 'प' आणि 'ब' ही दोन अक्षरं माझी हाडवैरी. ओठ मिटतात ते कुलूप घातल्यासारखे मिटूनच राहतात. समोरचा माणूस आधी वाट पाहतो, मग नजर चुकवतो आणि शेवटी माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. त्यामुळे मी शब्दांना वळसा घालायला शिकलो. बायकोला 'घरची' म्हणायचं, पाणी हवं असेल तर रिकामा तांब्या पुढे करायचा. कामाला मी निडीहून पेणला जातो, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात. पण खिडकीवर 'पेण' म्हणायला लागू नये म्हणून इतकी वर्षं रेल्वेचा पास काढला तो पुढच्या जिते स्टेशनापर्यंतचा. जित्याला मी आयुष्यात एकदाही उतरलेलो नाही. कारखान्यातही मूर्ती घासायचं काम मुद्दाम मागून घेतलं, कारण त्या कामात तोंड उघडावं लागत नाही. कितीतरी गणपतींची पोटं माझ्या हातांनी गुळगुळीत झाली आणि प्रत्येकाला मी मनातल्या मनात एकच विचारायचो, अरे, तू विघ्नं हरणारा, मग माझ्या दोन ओठांमधलं एवढंसं विघ्न तुला दिसत कसं नाही? उत्तर आलं नाही. हळूहळू मी विचारणंही सोडून दिलं.

अशा माणसाचा जन्म नेमका गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेल्या घरात व्हावा, ही देवाने केलेली थट्टाच म्हणायची. आमच्या गावात शिमग्याला गावदेवाची पालखी देवळासमोरच्या दगडी ओट्यावर, म्हणजे सहाणेवर बसते. धुळवडीच्या सकाळी आमच्या घरातला एक माणूस पालखीपुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. पोराबाळांना सुखी ठेव, भातशेती सांभाळ, गुरांना राख, कंपनीत शिफ्टला जाणाऱ्यांना सुखरूप घरी आण. प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका आवाजात होकार देतो, "व्हय म्हाराजा!" आधी हे गाऱ्हाणं वडील घालायचे, त्यांच्यामागे माझा थोरला भाऊ, दादा. त्याचा आवाज असा खणखणीत की शेताच्या पार टोकाला असलेल्या माणसालाही ऐकू जायचा. मी गर्दीत मागे उभा राहून होकार द्यायचो. गंमत म्हणजे सगळ्यांबरोबर बोलताना मी कधीच अडलो नाही.

दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात दादाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, पण आवाज पुन्हा येईल की नाही याची खात्री डॉक्टर देईनात. तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही, अशी ताकीद मिळाली. शिमगा तोंडावर आला आणि घरात गाऱ्हाणं घालणारा मीच एक उरलो. गावातली जाणती माणसं घरी आली. "यंदा दुसऱ्या घरातला कोनतरी घालंल. तू कशाला तरास करून घेतोस?" असं त्यांनी मायेनेच सांगितलं. पण एकदा घरातून गेलेला मान परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरीसुद्धा मी सुटलो म्हणून मान डोलावणार, एवढ्यात दादाने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि सगळ्यांसमोर धरलं. 'माझा भाऊ घालेल.'

मला दादाचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आपला मान राखण्यासाठी तो माझं हसं करायला निघालाय, असंच वाटलं. जेवणाचं ताटही दूर सारलं. तेव्हा माझी घरची ताट पुढे सरकवत म्हणाली, "अवो, आडलात तर आडलात. देव काय गाडी पकराय निंगालाय?" मला हसू आलं नाही, पण मी जेवलो.

धुळवडीच्या सकाळी नारळ हातात घेऊन पालखीपुढे उभा राहिलो. ढोल थांबले. गाऱ्हाण्याचा पहिला शब्दच मुळी 'बा'. 'बा देवा म्हाराजा' अशी सुरुवात. माझे ओठ मिटले ते मिटलेच. सगळा गाव भोवती, सगळ्यांची नजर माझ्या तोंडावर. पुढे बसलेल्या दादाने मान खाली घातलेली मला दिसली. नारळ तिथेच ठेवून निघून जावं, असं मनात आलं. आणि त्याच क्षणी बायकांच्या बाजूने एक खणखणीत आवाज उठला, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यात पुढे बसलेली एक किरकोळ अंगाची म्हातारी होती ती. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. गावाला सवयच अशी की एकाने होकार दिला की मागोमाग सगळ्यांच्या तोंडून तो निघतो. "व्हय म्हाराजा!" सगळी सहाण दणाणली. मग लोकांच्या लक्षात आलं की अजून कोणी काही मागितलेलंच नाही. आधी पोरी फिसकन हसल्या, मग जाणती माणसं, आणि शेवटी मीही हसलो. अडलेलो असताना हसायची माझी ती आयुष्यातली पहिली वेळ. त्या हसण्यात ओठ कधी उघडले आणि 'बा' कधी बाहेर पडला, ते माझं मलाच कळलं नाही.

त्यानंतर मी बोलतच गेलो. अधूनमधून अडत होतो, पण जिथे अडलो तिथे म्हातारी होकार द्यायची, तिच्यामागे गाव द्यायचा, आणि त्या आवाजाच्या आधाराने मी पुढचं वाक्य धरायचो. नेहमीचं गाऱ्हाणं संपल्यावर मी माझ्या पदरचं एक मागणं घातलं. "माझ्या दादाचा आवाज त्याला प..." 'परत' काही निघेना. "व्हय म्हाराजा!" गाव गरजला. मी ते वाक्य तसंच अर्धं सोडून दिलं आणि हात जोडले. अर्धवट राहिल्याची खंत त्या दिवशी वाटली नाही.

नंतर मी त्या आजींच्या पाया पडायला गेलो. शेजारी त्यांची नात होती. तिने सांगितलं की आजी अष्टमी गावच्या, लेकीकडे शिमग्याला आल्या आहेत आणि त्यांना कित्येक वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि ओठ थांबले की होकार द्यायचा, ही त्यांची रीत. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "बेस बोललास, बाला. सगला समाजला." बोलण्याबद्दल मिळालेली ती माझी पहिली शाबासकी, आणि तीही एक अक्षर न ऐकता दिलेली. मी तिथेच उभ्या उभ्या रडलो.

माझी जीभ सुटली, असा दावा मी करणार नाही. ती आजही अडते. पण भीती गेली ती गेलीच. आता कारखान्यात गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत पळत नाही. मूर्तीचं वजन, रंग, सगळं सांगतो. अडलो की थांबतो, थोडं हसतो, पुन्हा बोलतो. लोक वाट पाहतात. इतकी वर्षं ते वाट पाहायला तयारच होते, पळ मीच काढत होतो. घरी तर मी इतका बोलतो की बायको म्हणते, "आता जरा गप पन बसा." जन्मात कोणी मला गप्प बस म्हणेल असं वाटलं नव्हतं, ते ऐकून माझी छाती फुगते आणि ते मी लपवतही नाही. त्या सकाळी काय घडलं, त्याचा खल मी करत नाही. मला कळलं ते एवढंच की माझं मागणं नीट मांडून होईपर्यंत देव खोळंबून बसलेला नसतो. होकार आधीच दिलेला असतो. आपण फक्त जाऊन समोर उभं राहायचं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत दादा बोलू लागला. आवाज घोगरा झालाय, लांब जात नाही, पण तो आहे. गेल्या शिमग्याला मी म्हटलं, दादा, तुझा मान आता तू घे. त्याने मान हलवली. "तूच घाल. मी मागं उभा ऱ्हातो."

धुळवडीच्या सकाळी पालखीपुढे उभा राहिलो आणि 'बा'वर पुन्हा अडलो. अष्टमीच्या आजी त्या वर्षी आल्या नव्हत्या. मी घाबरलो नाही, नुसता थांबलो. आणि मग माझ्या पाठीमागून, कुणाहीपेक्षा आधी, एक घोगरा, फाटका आवाज आला, "व्हय म्हाराजा." मी वळून पाहिलं नाही. देवा, तुझे उपकार मी कुठल्या तोंडाने मानू? हेच आहे, अडणारं, आणि मला ते आता आवडतं.