सामंतांच्या इंजिनाची पूजा

जयपुरात पाऊससुद्धा पाहुण्यासारखा येतो. त्या गावात बासष्ट साली आनंदराव सामंतांनी मोटरबोट घेतली, तीही एका ठाकुरांनी काढून टाकलेली. आम्हा मराठी मंडळींना ही बातमी दिवाळीपर्यंत पुरली.

आनंदराव मालवणचे, विमा कंपनीत दाव्यांचे साहेब. कुणाची मोटर आपटो की गोदाम जळो, कारण सापडल्याशिवाय ते फाइल मिटवत नसत, आणि कारण बहुधा दावा करणाऱ्याचा मूर्खपणाच निघे. बायको तारामती वेंगुर्ल्याची. बदली झाल्यापासून या कोरड्या गावात तिचा जीव रमेना. रविवारी तरी तिला पाण्यावरून पलीकडे न्यावं, एवढ्यासाठी हा उपद्व्याप. यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी आम्ही हसलो.

बोट रामगडच्या तलावात मध्यापर्यंत जायची आणि इंजिन तापून बसायचं. मग वल्ही मारत परत. तलावाचंच पाणी ओढून ते इंजिन थंड राही, म्हणून आनंदरावांनी पंप बदलला, तेल बदललं, मेकॅनिकही बदलले. काठावर मात्र ते गुणी बाळासारखं चाले. तारामतीबाईंनी दर रविवारी इंजिनाची पूजा सुरू केली. ते जितकं तापे, तितका हार मोठा होई. घरचं आठवड्याचं निर्माल्यही त्या आणत. ते कचऱ्यात कसं टाकणार? पुढच्या टोकाला बसून त्या ते पाण्यात सोडत.

एका रविवारी मीही बोटीत होतो. इंजिन तापताच आनंदरावांनी ते चालू ठेवूनच पाण्यात हात घातला, आणि पाणी ओढणाऱ्या जाळीवरून झेंडू, बेलाची पानं नि हाराचा दोरा ओढून काढला. इंजिन थांबलं की हे सारं गळून पडत असणार. मेकॅनिकना दिसणार काय, कपाळ?

बाई पुढे हात जोडून बसल्या होत्या. मी तोंड उघडलं, पण आनंदरावांची नजर पाहून मिटलं. ती ओली मूठ त्यांनी कोटाच्या खिशात रिकामी केली.

"गे, उरलेलां निर्माल्य पलीकडच्या काठाक सोडूया," ते म्हणाले. "थंय पाणी खोल आसा."

काठाला पाणी खोल कधीपासून असतं?

त्या दिवशी बोट पहिल्यांदा पलीकडे लागली. बाई पोरीसारख्या हसल्या. "बगलात? पूजा पावली. नायतर इतके दिवस तापत कित्याक होतां?"

कारणाशिवाय एकही फाइल न मिटवलेले आनंदराव म्हणाले, "कोणाक म्हायत."