शेवट न पाहिलेला पहिला नंबर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. आदल्या दिवशी सजून मिरवलेले बैल त्या दिवशीही गोठ्यातच असतात, शेतात कोणी औत नेत नाही, आणि घरी बसलेल्या माणसाला बायको काहीतरी काम काढून देणारच. म्हणून आम्ही त्या दुपारी बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या चिखलीत एका बी-बियाण्यांच्या दुकानात जमतो आणि सिनेमांचे नंबर लावतो. हे किती वर्षांपासून चाललंय ते कोणालाच नक्की आठवत नाही. त्यावरूनही एकदा भांडण झालं आहे.

पद्धत साधी आहे. दुकानदार काउंटरवर चहाचे कागदी कप मांडतो, एकेका सिनेमाचा एकेक कप. प्रत्येकाला सोयाबीन मिळतं. ज्याला जो सिनेमा आवडला त्याच्या कपात त्याने आपले दाणे टाकायचे, आणि मग कप काट्यावर ठेवायचे. ज्याचं वजन जास्त तो पहिला. सुरुवातीला ज्याने त्याने आपल्या मुठीने सोयाबीन घ्यायचं. पण दुकानदाराचा पंजा खोऱ्यासारखा, त्याच्या मुठीत माझ्या दीडपट माल मावायचा, आणि त्याच्या आवडीचे मारामारीचे सिनेमे ओळीने पहिले यायला लागले. मी हे चालू देणार नव्हतो. तेव्हापासून औषधाच्या नव्या डब्याचं झाकण हे माप ठरलं.

मी कोर्टात बाबू आहे, त्यामुळे नियम माझे. पहिला नियम असा की, सिनेमा पूर्ण पाहिल्याशिवाय मत ग्राह्य धरलं जाणार नाही. दुसरा नियम लागलाच नाही, कारण पहिल्यावरच माणसं वर्षभर कुरकुरत राहतात.

सिनेमा पाहायची प्रत्येकाची नजर वेगळी. दुकानदार पिकं बघतो. गाव दाखवलं की हा पडद्यावरच्या माणसांकडे बघतच नाही, मागच्या वावराकडे बघतो. एका फार नावाजलेल्या सिनेमात पेरणीच्या दिवसात कापूस फुटलेला दाखवला होता, तर याने इंटरव्हललाच उठायची तयारी केली होती. मला कोर्टाचे सीन सहन होत नाहीत. साहेब हातोडा आपटून 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडतात. एवढी नोकरी झाली, मी हातोडा फक्त सुताराच्या हातात पाहिला. आमच्याकडे साहेबांनी नुसता चष्मा काढून खाली ठेवला तरी अख्खं कोर्ट गप्प होतं. हे सिनेमावाल्यांना एकदा तरी येऊन बघता येत नाही का?

आमचा तिसरा गडी उंद्रीच्या पुढे आत वळल्यावर जे गाव लागतं तिथला. शेतकरी माणूस, बरी जमीन, दोन बैल, एक म्हैस. त्याला आम्ही 'मुक्कामी' म्हणतो, कारण त्याच्या गावाला रात्री मुक्कामाला जाणारी एसटी हीच त्याची परतीची गाडी, आणि ती तीनचा शो सुटायच्या आधी निघते. त्यामुळे आमच्या शेजारी बसून याने जेवढे सिनेमे पाहिले, त्यातल्या एकाचाही शेवट पाहिलेला नाही. नायक खलनायकाच्या अंगावर धावून जातो आणि हा पिशवी उचलून दाराकडे धावतो. फोनवर सिनेमा बघायला तो तयार नाही. तो म्हणतो, "एवढ्याशा डबीत मानसं पाहू का मुंगळे पाहू?"

त्यावर त्याने सिद्धांतच काढला आहे. "इंटरव्हलपरेंत जो चांगला तो चांगला. शेवट सारायचा सारखाच राह्यते."

माझ्या नियमाप्रमाणे याचं एकही मत ग्राह्य नाही. तरी मी ते धरत आलो, आणि त्याला कारण होतं.

काही वर्षांपूर्वी त्याची मुलगी बारावी झाली. पुण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला. याचं मन नव्हतं. एकुलती एक पोरगी, एवढ्या लांब कशाला, बुलढाण्यातच काहीतरी कर, असं त्याचं चाललं होतं. दोघं कागदपत्रांसाठी चिखलीत आले, काम लवकर आटोपलं, आणि गाडीला वेळ होता म्हणून तीनच्या शोला जाऊन बसले. सिनेमा नेमका तसाच निघाला. गावची पोरगी शिकायला शहरात जाते आणि तिचा बाप दर शनिवारी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा राहतो. पुढचं बघायच्या आत गाडीची वेळ झाली आणि दोघं उठून आले.

एसटीत मुलीने विचारलं, "आबा, ते पोरगी वापस येते का हो?"

"येते ना. न येऊन जाते कुठं?" हा म्हणाला.

हे त्यानेच आम्हाला त्या वर्षीच्या करीला सांगितलं. त्या एका उत्तरावर त्याने मुलीला पुण्याला पाठवलं होतं. सांगता सांगता त्याने झाकणभर सोयाबीन त्या सिनेमाच्या कपात ओतलं, एक दाणा हाताला चिकटला होता तोही झटकून टाकला.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आम्ही दोघांनी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला होता. गाडी येते, सगळे उतरतात, पोरगी उतरत नाही. हे त्याला सांगायची आमची छाती झाली नाही. त्याचं मत धरलं आणि सिनेमा पहिला आला. पुढे मुलगी शिकली, तिथेच मोठ्या दवाखान्यात लागली. गावी येणं कमी कमी होत गेलं. पण त्या सिनेमाचा विषय निघाला की आम्ही दोघं बोलणं पिकांवर नाहीतर राजकारणावर न्यायचो. एकदा तो सिनेमा टीव्हीवर लागणार होता, तर दुकानदाराने त्याला त्याच दिवशी बियाणं दाखवायच्या निमित्ताने बोलावून घेतलं. शेवट लपवण्यात आम्ही तरबेज झालो होतो आणि मनातून आम्हाला त्याचा अभिमानही होता.

यंदा कर रविवारी आली, म्हणून बँकेतल्या मॅडमही आल्या. बदली होऊन पुण्याहून चिखलीत आलेल्या, सिनेमाच्या पक्क्या शौकीन. दुकानाचं खातं त्यांच्या शाखेत असल्यामुळे दुकानदाराची ओळख. यंदा एका वर्षाचे नाही, गेल्या काही वर्षांतले सगळे सिनेमे मांडून त्यांतला सर्वांत चांगला निवडायचा, ही सूचना त्यांचीच. कप इतके झाले की खताच्या पोत्यांवर फळी टाकून मांडावे लागले.

वाद जोरात झाला. मॅडमना एक संथ सिनेमा पहिला हवा होता. त्यात नवराबायको तासभर एकमेकांशी बोलतच नाहीत. दुकानदार म्हणाला, ते तर माह्या घरी फुकटात दिसते. मी म्हणालो, त्यात निदान कोर्ट नाही, ही जमेची बाजू आहे. एरवी असल्या बोलण्यात मुक्कामी सगळ्यांच्या पुढे असतो. त्या दिवशी तो गप्प बसून होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सकाळी पोरीचा फोन आलता. दिवाळीले ड्युटी लागली म्हणे. नाई येत."

"मंग तू जा ना बे," दुकानदार म्हणाला.

"मी कायले जाऊ? ते येईन ना. आज नाई तं उद्या येईन."

हे आम्ही आधीही ऐकलं होतं. तिला पोहोचवायला गेला तेवढाच तो पुण्याला गेलेला. तिथे रिक्षावाल्यापासून हॉस्टेलच्या बाईपर्यंत सगळे त्याचं बोलणं ऐकून हसले म्हणे. पण खरं कारण ते नव्हतं. आपण जायला लागलो म्हणजे ती येणार नाही हे कबूल केल्यासारखं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने बोलून दाखवलं नाही तरी मला ते दिसत होतं आणि त्याचा मला रागही यायचा.

त्याने आपलं सोयाबीन उचललं आणि फाट्यावरच्या बापाच्या त्या सिनेमाच्या कपाकडे हात नेला.

मॅडम खूश झाल्या. "अरे वा, हा माझाही आवडता आहे. शेवट काय केलाय ना त्याचा!"

दुकानदार एकदम खोकायला लागला. मी घाईघाईने चहाचं विचारलं. पण मुक्कामीने हात मागे घेतला होता.

"काय केला शेवट?"

"तुम्ही पाहिला नाही?" मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचा तर नियम आहे ना?"

"त्याले माफी हाये," मी म्हणालो.

"कायची माफी?" मुक्कामीचा आवाज चढला. "मले बी पाहू द्या. हाये का तुमच्या फोनमंदी?"

दुकानदार म्हणाला नेट चालत नाही. मी म्हणालो मॅडमच्या फोनला चार्जिंग कमी असेल. मॅडमना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी सिनेमा लावलासुद्धा, शेवटाकडे नेला आणि फोन तणनाशकाच्या डब्याला टेकवून उभा केला. एरवी डबीतली माणसं न बघणारा हा गडी स्टूल ओढून पुढे बसला. आम्ही दोघं पडद्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत होतो.

एसटी आली. माणसं उतरली. पोरगी उतरली नाही. कंडक्टरने दार लावून घेतलं. मुक्कामीचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी नाइलाजाने फोनकडे बघितलं. गाडी हलते, बाप दोन पावलं चालतो, मग हात करून गाडी थांबवतो आणि चढतो. नेसत्या धोतरानिशी, रिकाम्या हाताने. कंडक्टर विचारतो कुठं, तो शहराचं नाव सांगतो. तिथे सिनेमा संपतो.

हे आम्हीही पाहिलं होतं. पण पोरगी न उतरल्याचंच आमच्या डोक्यात इतकं बसलं होतं की बाप चढतो, याला शेवट म्हणतात हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

मुक्कामीने आमच्याकडे वळून विचारलं, "बाप जाते. हे मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटलं असतं," दुकानदार पुटपुटला.

"तिकडं पोरगी एकटी पोळीभाजी खाऊन राह्यली अन् मी इकडं फाट्यावर उभा. आता चांगलं वाटून राह्यलं का मले?"

मी कोर्टात रोज तारखा देतो, पण त्या दिवशी मला एकही तारीख मागता आली नाही. त्याने उठून पिशवी घेतली. बैलांचं कोण बघेल, असं त्याने विचारायच्या आत दुकानदार म्हणाला, मी माणूस पाठवतो. मुक्कामीची गाडी सुटायला अजून वेळ होता, तरी तो निघाला. झाकणातलं सोयाबीन त्याने कपात टाकलंच नाही, सदऱ्याच्या खिशात ओतलं. बहुतेक त्याचं त्यालाही कळलं नसावं. त्याच्या मताशिवाय वजन करण्यात अर्थ नव्हता. मी निकाल राखून ठेवला.

त्याच आठवड्यात तो मुगाच्या शेंगा आणि तुपाचा डबा घेऊन पुण्याला गेला. पुढच्या रविवारी मी दुकानात बसलो असताना त्याचा फोन आला. मी आवाज मोठा करून फोन काउंटरवर ठेवला.

"पोरीनं पिक्चर दाखवला बे काल. लय मोठं थेटर. खुर्ची तं पलंगावानी."

"कसा होता?" दुकानदाराने विचारलं.

"लय चांगला. ते सोयाबीन माह्या खिशातच राह्यलं होतं. माहं सारं ह्याच पिक्चरले टाका. पयला नंबर."

नियम तो नियम, म्हणून मी विचारलं, "शेवटी काय होते?"

तो म्हणाला, "शेवट नाई पाह्यला."

"आता तं गाडीची घाई नव्हती तुले!"

"पोरगी रातपाळी करून आलती. इंटरव्हल झाला अन् माह्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मंग पडद्याकडं पाह्यलंच नाई मी. लाइट लागले, मानसं उठून गेले, झाडूवाले आले. ते म्हणे काका उठा. मी म्हटलं, हळू बोला."

दुकानदार पाठ फिरवून उगाचच पोती सरळ करायला लागला. मी फोन जवळ ओढला.

"मत ग्राह्य धरलं," मी म्हणालो.