पाठीतलं पाणी

हे मी आजवर कुणाला बोललेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगते आहे, पण एक अट — माझी कीव करायची नाही.

मी चाकूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच, बिचारी अडाणी असेल. अडाणी? शरीराची रोगप्रतिकारशक्ती मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते.

माझी धाकटी बहीण सुरेखा तेव्हा बावीस वर्षांची. उदगीरच्या घराशी सोयरीक ठरलेली. आणि आठवड्याभरात पोरगी बदलली — उगाच हसायची, भिंतीशी बोलायची, बापाला ओळखेना. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. मी तिला लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. इथवर मी शहाणीच होते.

डॉक्टरांनी नीट समजावलं. शरीराची फौज स्वतःच्याच मेंदूवर उलटली असावी, सूज आहे. पाठीतलं पाणी काढून तपासू, लगेच उपचार सुरू करू. वडील बाहेर बाकावर होते. आत मी एकटी. आपल्याकडे म्हणतात ना — पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो? खोटं आहे ते, मला ठाऊक होतं. पण उदगीरच्या मंडळींना? त्यांच्या कानावर गेलं असतं तर सोयरीक मोडली असती. मी नकाराच्या कागदावर सही केली. बाहेर येऊन वडिलांना म्हटलं, "डॉक्टर म्हनले काई न्हाई, लग्नाची धास्ती घेतलीय पोरीनं. गोळ्या दिल्यात." गोळ्या ताकदीच्या होत्या — मीच दुकानातून घेतलेल्या.

सतराव्या दिवशी तिला झटके आले, थांबेचनात. नांदेडला तेच पाणी काढलं, तोच आजार निघाला, औषधं चालू झाली. वाचली. पण फार उशीर झाला होता. बीएला पहिली आलेली पोरगी आता चहात साखर घातली का, हे दोन-दोनदा विचारते. सोयरीक? ती मोडलीच.

वडील मरेपर्यंत लातूरच्या त्या डॉक्टरांना गावभर शिव्या देत राहिले. मी शेजारी बसून मान हलवायची. भीती म्हणाल, समाज म्हणाल — ते शब्द तुमच्यापाशीच ठेवा. सही माझी आहे.

परवा सुरेखा माझ्याकडे आली होती. शेजारणीला सांगत होती, "त्या डॉक्टरनं घात केलता माझा. आमची अक्का होती म्हून मी जिती हाय."

शेजारणीनं माझं तोंडभर कौतुक केलं. मी ते ठेवून घेतलं.